उबवणीच्या अंड्यांची जंतुशुद्धि

कोंबडीचें अंडें बाहेरून पाहिलें तर चोहोंकडून बंद असलेल्या डबीसारखें दिसतें. वस्तुतः त्याच्या कवचाला सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रें असतात. आंतील गर्भाला एकवीस दिवस प्राणवायु मिळतो तो याच छिद्रांतून. आणि रोगजंतूंना आंत शिरावयाचें झाल्यास त्यांचीहि वाट हीच. गर्भाचा श्वास न कोंडतां ही वाट जंतूंना कशी बंद करावी, या प्रश्नानें कुक्कुटपालनशास्त्राला शंभरांहून अधिक वर्षें गुंतवून ठेविलें आहे.

कोंबडी स्वतः अंडीं उबवीत होती तोंपर्यंत एका खुराड्यांतील रोग फार तर दहाबारा पिलांना भोंवे. यंत्रें आलीं आणि हें प्रमाण पालटलें. १९१८ साली अमेरिकेंत सॅम्युएल स्मिथ यांना वारा खेळविणाऱ्या मोठ्या उबवणी यंत्राचें पेटंट मिळालें. अशा यंत्रांत हजारों अंडीं एकत्र उबविलीं जात. पिलें फुटूं लागलीं म्हणजे त्यांची लव वाऱ्याबरोबर यंत्रभर उडे, आणि एका रोगी पिलाचे जंतु शेंकडों निरोगी पिलांच्या नाकातोंडांत जात. पुढें १९२३ साली डेलावेअर संस्थानांतील सेसील स्टील या बाईंनीं पन्नास पिलें मागविलीं असतां चुकून पांचशें आलीं. त्यांनीं तीं मांसासाठीं वाढविलीं व त्यांतलीं ३८७ विकलीं. ब्रॉयलरच्या आधुनिक धंद्याचा आरंभ बहुधा येथूनच मानतात. एकेका पिलावरील नफा थोडा असलेल्या या धंद्यांत पहिल्या आठवड्यांतील मृत्यु म्हणजे मुद्दलालाच खोट.

रोगाचें मूळ शोधण्याचें श्रेय लिओ रेटगर या जंतुशास्त्रज्ञाकडे जातें. पिलांना पांढरी हगवण लावून मारणाऱ्या जंतूचें वर्णन त्यांनीं १९०० साली प्रसिद्ध केलें. १९०९ मध्यें त्यांनीं व स्टोनबर्न यांनीं दाखविलें कीं, हा जंतु कोंबडीच्या अंडाशयांतूनच बलकांत उतरतो. ही गोष्ट मोठी बोधप्रद ठरली. जो शत्रु आधींच घरांत आहे, त्याला दार धुवून कसें घालवावें? अशा अंड्यावर कोणतेंहि जंतुघ्न औषध व्यर्थ. म्हणून १९१३ पासून रक्तपरीक्षेनें रोगवाहक कोंबड्या निवडून काढण्याचा मार्ग निघाला, आणि १९३५ साली अमेरिकेंत त्यासाठीं राष्ट्रीय योजना सुरू झाली.

तरीहि कवचावरून आंत शिरणारे जंतु उरलेच. त्यांच्यासाठीं फॉर्मॅलिन व पोटॅशियम परमॅंगनेट यांच्या संयोगानें निघणाऱ्या वाफेची धुरी रूढ झाली. ती देण्यालाहि वेळ साधावा लागे. उबवणीच्या चोवीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान धुरी दिली तर कोवळा गर्भच दगावे.

सोपा वाटणारा उपाय पाण्यानें धुण्याचा; पण त्यांतच खरा धोका होता. केंब्रिज येथें हेन्स व मोरन यांनीं १९४० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आलें कीं, उबदार अंडें थंड जंतुयुक्त द्रवांत बुडविलें असतां आंतील द्रव्य आकसतें आणि छिद्रांतून जंतु आंत ओढले जातात. शिवाय जोरानें घासल्यास कवचावरील नैसर्गिक पातळ लेप जातो. अर्थात् मलिन अंडें निष्काळजीपणें धुणाऱ्यानें रोग बाहेरून उचलून आंत नेऊन ठेविला. मग पिलूं फुटल्यावर त्याची बेंबी व बलकपिशवी सुजते आणि तें थोड्याच दिवसांत मरतें.

धुरीलाहि किंमत मोजावी लागली. तिचा वायु पिलाच्या श्वासनलिकेचें नाजूक अस्तर दुखवितो. तो हाताळणाऱ्या मजुरांच्याहि डोळ्यांना व घशाला झोंबतो. आणि २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनीं फॉर्मॅल्डिहाइडला मानवांत कर्करोग उत्पन्न करणारें द्रव्य ठरविलें. पिलें वाचविण्यासाठीं माणसाचा श्वास पणास लावणें योग्य कसें म्हणावें? म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड, अतिनील किरण इत्यादि पर्याय पुढें आले आहेत.

या इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. निरोगी कोंबडी, कोरडें घरटें आणि वारंवार गोळा केलेलीं स्वच्छ अंडीं हाच पिलाच्या आरोग्याचा पाया. औषध हें त्या पायावरचें कुंपण होय. पाया खचला असतां कुंपण कितीहि उंच बांधलें तरी घर राहत नाहीं.