वऱ्हाडचा भाव आणि तारेचा वेग

१८७० च्या मार्च महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवास आले. तें गांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत मोडत असे. जलंबपासून खामगांवपर्यंतचा आठ मैलांचा आगगाडीचा फांटा खुला करण्याचा तो समारंभ होता. एवढ्याशा फांट्यासाठीं व्हाइसरॉयनें जातीनें यावें याचें नवल वाटतें. परंतु खामगांव ही कापसाची मोठी पेठ होती आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचें लक्ष तिच्यावर खिळलेलें होतें. त्याच वर्षीं जूनमध्यें मुंबई, एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर अशी इंग्लंडपर्यंतची समुद्रतार पुरी झाली. रूळ आणि तार यांची गांठ एकाच वर्षीं वऱ्हाडच्या बाजारांत पडली.

त्यापूर्वीं माल आणि बातमी यांच्या वेगांत फारसें अंतर नव्हतें. १८४२ सालीं अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें एक लक्ष बैलांवर कापूस लादून तो कलकत्त्यास रवाना केला, असें सांगतात. बैल ज्या वाटेनें जात त्याच वाटेनें भावही परत येत असे. पुढें १८६५ च्या आरंभीं इराणच्या आखातांतून तार आली. कराची, ग्वादर, बुशायर, फाओ, बगदाद, कॉन्स्टँटिनोपल असा तिचा मार्ग. प्रत्येक ठाण्यावर कारकुनानें मजकूर कागदावर उतरून घ्यावयाचा आणि पुन्हां पुढें वाजवावयाचा! त्यांतल्या कित्येकांस इंग्रजी येत नसे. मजकूर विटे, आणि पोंचण्यास दिवसच्या दिवस लागत. विजेला स्वतःला वेळ लागत नव्हता. वेळ जाई तो या हातांतून त्या हातांत जाण्यांत. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें अमेरिकेंतील यादवी संपण्याच्या पंथास लागली. ती बातमी इंग्लंडला जहाजानें पोंचली, कारण अटलांटिकखालीं चालू तार तेव्हां नव्हतीच. मग भाव कोसळले, आणि ज्यांच्या घरांत चढ्या दरानें घेतलेला कापूस पडून होता ते बुडाले.

वेग म्हणजे नेमकें काय, हें येथें हिशेब करूनच पाहावें. चांगला तारमास्तर मिनिटाला वीस शब्द पाठवी. मोर्सच्या लिपींत एक शब्द सरासरीनें पन्नास मात्रांचा धरतात. म्हणजे सेकंदाला सुमारें सतरा मात्रा झाल्या. आतां मुंबईहून बडनेऱ्यास जाणारी टपालाची एक थैली घ्या. तींत तीनशें शब्दांचीं हजार पत्रें असलीं तर तीन लक्ष शब्द झाले. ते एका तारेवर वाजविण्यास अडीचशें तास, म्हणजे दहा दिवसांहून अधिक काळ लागेल. गाडी मात्र चारशें मैलांचा पल्ला एका दिवसरात्रींत गांठी. भाव कळविण्यास तार श्रेष्ठ, हिशेबाच्या वह्या पाठविण्यास गाडी. व्यापाऱ्यांस हें पुरतें उमगलें होतें. म्हणूनच एका शब्दांत सबंध वाक्य कोंबणारे सांकेतिक कोश निघाले. १८७३ चा ए.बी.सी. कोश त्यांतलाच.

हाच हिशेब शंभर वर्षांनीं संगणकांत नव्यानें मांडावा लागला. १९८० सालीं शुगार्ट टेक्नॉलॉजीनें काढलेली एस.टी. ५०६ ही साठवणीची चकती सेकंदाला पन्नास लक्ष बिट देई. तारमास्तराच्या सुमारें तीन लक्ष पट! पण १९८३ च्या आय.बी.एम. एक्स.टी. यंत्रांत याच जातीच्या जोडणीवर चकती बसविली, तेव्हां घेणारा अपुरा पडला. एक कप्पा वाचून पुढें देईपर्यंत दुसरा फिरून निघून जाई. म्हणून लागोपाठची माहिती सहाव्या-सहाव्या कप्प्यांत ठेवावी लागली, आणि प्रत्यक्ष वेग सहाव्या हिश्शावर आला. नंतर तारा वाढविल्या. १९८६ च्या स्कझी जोडणीनें आठ बिट एकदम नेऊन सेकंदाला पांच मेगाबाइटचा पल्ला गांठला, आय.डी.ई. च्या चाळीस तारांच्या पट्टींतून सोळा बिट एकदम जाऊं लागले. वेग वाढला तसे ते एका पावलानें चालेनात. अखेर २००३ च्या सुमारास साटा जोडणी आली, आणि मजकूर पुन्हां तारायंत्राप्रमाणें एकापाठोपाठ एक मात्रा असा जाऊं लागला. तिचा वेग सेकंदाला दीडशें मेगाबाइट. परंतु त्या वेळच्या बहुतेक चकत्या त्याच्या निम्म्यानेंही माहिती पुरवीत नव्हत्या.

खामगांवच्या आणि अमरावतीच्या बाजारांतही गोष्ट शेवटच्या देवघेवीशींच अडली. लिव्हरपूलचा भाव आतां कांहीं तासांत येई. पण तो येई अडत्याच्या हातीं. रात्रभर गाडी हांकून आलेल्या कुणब्यास तो कोण सांगणार? देशांतल्या पुष्कळ बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें धरून सौदा ठरवीत, आणि मालाचा धनी शेजारीं उभा राहून नुसता रुमाल पाही. साऱ्या मार्गांतलें अत्यंत मंद ठाणें हेंच म्हणावें लागेल. हिंदुस्थानांतला पहिला नियंत्रित कापूस-बाजार १८८६ मध्यें वऱ्हाडांतच, कारंजास झाला. आणि दलाल व मापारी यांस परवाना लावणारा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा १८९७ मध्यें आला. समुद्रतार तोंवर सत्तावीस वर्षें चालू होती.