सजीवांतील रंग : मंठा परिसर

शत्रूपासून बचाव आणि प्रजनन यांसाठी सजीवांना होणारा रंगांचा उपयोग. जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्याच्या काळ्या जमिनीत, बांधांवर व माळांवर त्याची उत्तम उदाहरणे दिसतात.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरची तिची ठिपकेदार मातकट अंडी ढेकळांत हरवतात. रुईवर वाढणारी ‘प्लेन टायगर’ फुलपाखराची अळी याउलट मुळीच लपत नाही. पांढरे, काळे, पिवळे पट्टे मिरवीत ती उघड्यावर पाने खाते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये तिच्या अंगात साठतात व नारिंगी फुलपाखरातही उतरतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. घोळीवर वाढणारे ‘डॅनाइड एगफ्लाय’ बिनविषारी, पण त्याची मादी याच नारिंगी रूपाची हुबेहूब नक्कल करते. नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. ही नक्कल इतकी बिनचूक असते की जाणकारही फसतात. अशा अनुकरणाचे स्पष्टीकरण हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये मांडले.

विणीच्या हंगामात नर सरड्याचे डोके व गळा लालभडक होतो, नर सुगरणीचा माथा पिवळाधमक.

पळसाची केशरी फुले मुख्यतः पक्ष्यांना खुणावतात. अमेरिकन कपाशीचे फूल उमलताना दुधी-पिवळसर असते. दुसऱ्या दिवशी अँथोसायनिन रंगद्रव्यामुळे ते गुलाबी होते, तेव्हा त्याचा परागणाचा काळ संपलेला असतो.