हातपाय धड, तरी दिव्यांग! न दिसणारं अपंगत्व ओळखायचं कसं आणि पनवेलकरांनी कागद काढायचा कुठे?

पनवेल : हार्बर लोकलच्या दिव्यांग डब्यात एखादा पंचविशीतला तरुण बसलेला असतो. हातात काठी नाही, कुबडी नाही, डोळ्यावर काळा चष्मा नाही. मग कुणीतरी विचारतंच, "काय रे भावा, चांगला धडधाकट दिसतोस, इथे काय करतोस?" कुणी खिशातलं कार्ड काढून दाखवतं, तर कुणी वाद नको म्हणून पुढच्या स्टेशनला मुकाट उतरतं. गावातही तेच चालतं. सारखा दमणारा माणूस 'आळशी' ठरतो, वाचता न येणारं पोर 'ढ' ठरतं आणि घरात गप्प बसलेल्या सुनेला 'नाटकी' म्हणतात.

बाहेरून काहीच दिसत नाही, पण रोजचं जगणं अडतं, त्याला न दिसणारं अपंगत्व म्हणतात. हे काही कुणाच्या मनात आलं म्हणून नाही, कायद्यातच आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ते २१ झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, अध्ययन अक्षमता, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, कमी ऐकू येणं, असे कितीतरी प्रकार वरवर पाहून कळत नाहीत.

नेऱ्याचं शांतिवन आणि बधिर हात

पनवेल तालुक्याला हा विषय नवा नाही. नेरे इथं गाढी नदीच्या परिसरात कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन अनेक दशकांपासून आहे. कुष्ठरोग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झडलेली बोटं येतात. पण खरं नुकसान त्याच्या आधीच, कातडीखाली झालेलं असतं. हा आजार नसांवर घाला घालतो. बहुविध औषधांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्या पूर्ण घेतल्या की आजार बरा होतो. मात्र मेलेल्या नसा परत येत नाहीत.

चुलीवरचं पातेलं चुकून उघड्या हातानं धरलं, तर आपण 'आई गं' म्हणत हात झटकतो. बधिर हाताला चटका कळतच नाही. संध्याकाळी फोड दिसतो तेव्हा समजतं. पायात काटा मोडला तरी माणूस त्याच पायानं दिवसभर चालतो. जखम चिघळते आणि मग बोट जातं. म्हणून कायद्यात 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' हा वेगळा प्रकार आहे. माणूस बरा झालेला आहे, त्याच्यापासून कुणालाही लागण होत नाही, तरी त्याला अपंगत्व आहे. अशा घरात रोज रात्री पायाचे तळवे तपासावेत, बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात. स्वतःला नीट दिसत नसेल तर नातवंडांनी पाहावं. मऊ तळाची चप्पल हवीच, आणि गरम भांड्याला लांब दांडा किंवा जाड फडकं.

वीटभट्टीवरचा 'कामचुकार'

दुसरा प्रकार रक्तातला. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंगात असह्य कळा उठतात. हाडं, पोट, छाती, कुठेही. दोन दिवसांनी तोच माणूस उठून बसतो, चालतो, हसतो. पाहणाऱ्याला वाटतं, परवा सोंगच करत होता.

हा आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो. रायगडात कातकरी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, आणि त्यातली बरीच दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. ऊन, तहान, अतिश्रम, ताप आणि रात्रीची थंडी या गोष्टींनी सिकलसेलची कळ उठते. भट्टीवर त्या सगळ्या एकत्र असतात. उचल फिटायची आहे, मालक कामाला बोलावतोय आणि अंगातून कळा निघतायत. अशा माणसाला कामचुकार म्हणणं सोपं आहे. त्याच्याकडे आजाराचा कागद नसेल तर तो सांगणार तरी काय?

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी रक्ताच्या थेंबाची. आपल्या वाडीवर पथक आलं नसेल तर आशाताईंना विचारा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. 'वाहक' म्हणजे रुग्ण नव्हे, वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका जुळवतो तशी ही चिठ्ठीही लग्नाआधी पाहिलेली बरी. रुग्णाला भरपूर पाणी हवं, थंडीत अंगभर कपडे हवेत आणि डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. ताप किंवा छातीत दुखणं आलं तर वाट न पाहता १०८.

मुलं आणि मन

मूल दोन वर्षांचं होऊनही हाकेला वळत नाही, नजर देत नाही, शब्द बोलत नाही, तर 'मामावर गेलाय, उशिरा बोलेल' म्हणत वर्षं घालवू नयेत. आधी कान तपासावेत. बौद्धिक दिव्यांगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं, म्हणजे एनआयईपीआयडीचं, प्रादेशिक केंद्र आपल्याच तालुक्यात खारघरला आहे. अशा मुलांच्या तपासणीसाठी आणि मार्गदर्शनासाठी तिथं चौकशी करता येते.

हुशार आहे पण अक्षरं उलटी-पालटी होतात, अशा मुलाला मारून उपयोग नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी नववीपर्यंत थांबू नका.

मनाच्या आजाराबद्दल गावात अजून अंगारा-धुपाऱ्यावरच जास्त विश्वास. देवाला नमस्कार करायला कुणाची ना नाही, पण गोळी बंद करू नये. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

कागद कसा काढायचा?

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांचा अर्ज स्वावलंबन कार्डच्या सरकारी संकेतस्थळावर एकत्रच होतो. मोबाइलवर जमलं नाही तर सेतू केंद्रात भरून घ्या. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आजाराची जुनी कागदपत्रं लागतात. न दिसणाऱ्या अपंगत्वात या जुन्या फायलीला सोन्याची किंमत आहे, कारण डॉक्टरांना समोर सुदृढ दिसणारा माणूस तपासायचा असतो. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, किती वेळा दवाखान्यात भरती झालात ते, सगळं तारखेप्रमाणे लावून न्या. जिल्ह्याचं मुख्य सरकारी रुग्णालय अलिबागला आहे. तिथं तपासणी असेल तर पनवेलहून पेणमार्गे अख्खा दिवस जातो, म्हणून निघण्यापूर्वी त्या तज्ज्ञ डॉक्टरांचा वार फोन करून विचारा. नाहीतर हेलपाटा ठरलेला.

बहुतेक योजनांना ४० टक्के ही रेषा आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० पासून ८० च्या आतपर्यंत पिवळं आणि ८० किंवा जास्त असेल तर निळं. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं.

लोकलमधल्या वादाबद्दल दोन शब्द. मुंबई लोकलच्या दिव्यांग डब्यातून कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर महिलांनाही जाता येतं. कार्ड तपासण्याचं काम रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचं आहे, सहप्रवाशांचं नाही. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. खोटं सांगून सवलत लाटणाऱ्यालाही कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटी प्रमाणपत्रं निघतात हे खरं आहे, पण त्याचा राग खऱ्या आजारी माणसावर निघतो, हेही तितकंच खरं.

कार्ड हातात आल्यावर संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा, त्याला उत्पन्नाची अट आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तो पैसा कुणाला मिळाला, यादीत सिकलसेलचा किंवा मनोरुग्णाचा एकतरी माणूस आहे का, हे येत्या ग्रामसभेत ग्रामसेवकांना विचारता येईल. त्याआधी कार्डाची झेरॉक्स अर्जासोबत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या.