डांबराचं कूळ

हुबळीच्या विद्यानगरात स्वयंपाकघराचं काम काढलं की सुतार हमखास सांगतो, "सिंकखाली मरीनच घाला." समुद्र इथून घाट उतरून थेट कारवारला. तरी हुबळीत घरोघरी होडीचं प्लायवूड येऊन बसलंय.

त्या फळीवर आयएस 710 छापलेलं असतं. तिचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात, थर सुटले तर माल नापास. पण ही परीक्षा मुख्यतः सरसाची. फिनॉलचा सरस टिकतो, त्याच्या दोन्ही अंगांचं लाकूड मात्र पाणी पितंच. ओंडका फिरवत पेन्सिलीसारखा सोलून पातळ पत्रा काढतात, त्यात केसाएवढ्या चिरा राहतात. कडेला तर लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडीच असतात. म्हणून होडी बांधणारा फळी जोडायच्या आधीच तिला लेप देतो. एकदा सांगाडा उभा राहिला की कोपऱ्यात ब्रश शिरत नाही.

या लेपाचं कूळ शोधू लागलं की आपण घाटातल्या रानात पोहोचतो. धूप आणि राळधूप ही सह्याद्रीतली झाडं. त्यांच्या खोडातून पाझरणारी राळ तेलात उकळून जहाजांच्या सांध्यांत भरत. राळेला मलय भाषेत 'दामर' म्हणतात. आपलं डामर, डांबर त्याच कुळातलं. पुढे दगडी कोळशापासून गॅस काढताना उरणारा काळा चिकट द्रव मिळू लागला. काम तेच, म्हणून नावही तेच चिकटलं. तिथून ते रस्त्यावर आलं आणि कपाटातही शिरलं, कारण डांबराच्या गोळीतलं नॅफ्थलीन याच द्रवातून निघायचं. झाडाची ओळख पुसली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. गोव्यात काजूच्या टरफलाचं तेलही होड्यांना फासत. त्याला 'डीक' म्हणत.

एपॉक्सी या घराण्यातली सर्वांत धाकटी. अमेरिकेत मिशिगनमधल्या गुजन बंधूंनी 1969 साली होड्यांचा कारखाना काढला आणि सांधे जोडणाऱ्या या राळेनं सगळं लाकूडच आतबाहेर मढवायची रीत रुजवली. रेझिन आणि हार्डनर मापात मिसळायचं, दोन-तीन हात द्यायचे, कडांना एखादा जास्तच. सुकल्यावर वर मेणचट साय धरू शकते. ती आधी साध्या पाण्यानं धुवायची, मगच पॉलिशपेपर मारायचा. उलट केलं तर मेण घासून आत जातं आणि पुढचा हात धरत नाही. पुढे जिथं सांधा चिकटवायचा तेवढी पट्टी टेप लावून कोरी ठेवायची. बाहेरून काचेचं कापड. सर्वांत वर रंग किंवा यूव्ही झेलणारं वॉर्निश हवंच, कारण एपॉक्सी पाणी अडवते पण उन्हापुढे हरते.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी दोन्ही पिढ्या हाताळल्या. त्यांच्या ॲक्वेरियस गोदीत लाकूड, काचेचं कापड आणि एपॉक्सी यांची 'म्हादई' बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. ज्या नदीचं पाणी मिळावं म्हणून हुबळी-धारवाड वर्षानुवर्षं वाट पाहतंय, तिचंच हे नाव. नंतर दांडेकरांच्याच कारखान्यात अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून 'कौंडिन्य' घडलं. खिळे नाहीत. केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आणि नैसर्गिक राळेनं पाणी अडवलं. मे 2025 मध्ये ते कारवारलाच नौदलात दाखल झालं.

सिंकखालच्या फळीची कड मात्र आमच्याकडे कोरीच राहते. दर्शनी भागाला सनमायका लागतं, मागची बाजू तशीच भिंतीला टेकते. दोन-चार पावसाळ्यांत ती तिथूनच फुगते. मी आता फळी कापून झाली की बसवायच्या आधी कडांना एपॉक्सीचे दोन हात मारून घेतो. पाइपासाठी पाडलेल्या भोकाच्या आतूनसुद्धा.