वेगाचे वजन कोण पेलतो? डेक्कन क्वीनचे इंजिन आणि विक्रमी मोटारी

(१) १९३० सालच्या जून महिन्यातील दोन तारखा शेजारी ठेवून पाहू. १ जून रोजी मुंबई–पुणे मार्गावर डेक्कन क्वीन प्रथम धावली. १३ जून रोजी इंग्लंडमधील विंडरमियर सरोवरावर जलवेगाचा विक्रम करताना सर हेन्री सेग्रेव्ह मृत्युमुखी पडला. जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम तेव्हा त्याच्याच नावावर होता. वरवर पाहता या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु सेग्रेव्हची मोटार आणि क्वीनचे इंजिन घडवणाऱ्या अभियंत्यांसमोर प्रश्न एकच होता. ही त्या प्रश्नाची कथा.

(२) वेग म्हटला की आपण इंजिनाची अश्वशक्ती विचारतो. तो अर्धाच प्रश्न झाला. चाक रस्त्यावर किंवा रुळावर टेकलेले असेल तरच शक्ती कामी येते. रुळाच्या सांध्यावर आदळून चाक क्षणभर जरी हलके झाले, तरी त्या क्षणी इंजिनाचा जोर वाया जातो आणि गाडीवरचा ताबाही सुटू लागतो. म्हणून वेगाच्या इतिहासात इंजिनाइतकेच मानाचे स्थान स्प्रिंगांना आणि पाट्यांना द्यावे लागते.

(३) येथे एक संज्ञा नीट समजून घेऊ : स्प्रिंगखालचे वजन. गाडीचा सांगाडा, डबा, प्रवासी हे सारे स्प्रिंगांच्या वर असते. धक्का त्यांच्यापर्यंत पोहोचेतो बराच विरलेला असतो. पण चाक, आस आणि त्यांना थेट जखडलेले जे जे काही असेल, ते स्प्रिंगांच्या खाली. त्याला प्रत्येक धक्का जसाच्या तसा सोसावा लागतो, आणि ते तोच धक्का रुळालाही परत देते. उंचवटा तोच असला, तरी वेग दुप्पट झाला की चाकाला वर उसळवणारे त्वरण चौपट होते. म्हणजे वेग वाढवायचा असेल, तर स्प्रिंगखालचे वजन घटवणे भागच.

(४) आता अडचण पाहा. इंजिन किंवा मोटार वजनदार असते. ती स्प्रिंगांच्या वर हवी. चाक मात्र स्प्रिंगांच्या खाली, सतत वर-खाली हलणारे. मग स्थिर मोटारीची शक्ती हलत्या चाकाकडे न्यायची कशी? वेगाची निम्मी अभियांत्रिकी या एका वाक्यात सामावलेली आहे.

(५) पहिला दाखला १८९९ चा. २९ एप्रिल रोजी पॅरिसजवळ कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. ताशी शंभराची मर्यादा ओलांडणारी ही पहिली मोटार, आणि ती विजेवर चालणारी होती! आकार गोळ्यासारखा, नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे कधीही समाधान न पावणारी. तिच्या दोन मोटारी मागच्या चाकांना थेट गती देत. मध्ये साखळी नाही, गिअर नाही. रचना सुटसुटीत खरी. पण मोटार अशी थेट चाकांपाशी आली की तिचे वजन धक्क्यांच्या तावडीत सापडते.

(६) दुसरा दाखला दुःखद आहे. ‘बॅब्स’ या मोटारीत २७ लिटरचे विमानाचे इंजिन सांगाड्यावर बसवले होते आणि शक्ती मागच्या चाकांकडे साखळ्यांनी जात असे. साखळीमुळे इंजिन वर आणि चाक खाली ठेवता येते, हा तिचा गुण. ३ मार्च १९२७ रोजी वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर विक्रमाच्या प्रयत्नात ही मोटार उलटली आणि चालक पॅरी-थॉमस ठार झाला. दोष प्रदीर्घ काळ साखळीला दिला गेला. वाळूत पुरलेली मोटार १९६९ साली उकरून काढल्यानंतर संशय चाकाकडेही वळला. काही असो, शक्ती चाकापर्यंत नेणारी वाट हीच सर्वात नाजूक जागा, हे साऱ्यांना कळून चुकले.

(७) तिसरा दाखला सेग्रेव्हचा. ११ मार्च १९२९, अमेरिकेतील डेटोनाचा समुद्रकिनारा, मोटार ‘गोल्डन ॲरो’. नेपियर लायन हे विमानाचे इंजिन, शक्ती ९२५ अश्वशक्ती, वेग ताशी ३७२.४६ किलोमीटर. येथे साखळ्या गेल्या आणि दोन फिरते दांडे आले. ते चालकाच्या दोन्ही बाजूंनी मागे जात. त्यामुळे चालकाला त्यांच्या मधोमध, अगदी खाली बसवता आले. गाडी बुटकी झाली आणि तिचा तोल सावरला. शक्तीची वाट बदलली की गाडीचा आकारच बदलतो, तो असा.

(८) आता मुंबईत येऊ. विजेची वाहने या शहराला नवी नव्हती; विजेची ट्राम १९०७ सालीच सुरू झाली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी जीआयपी रेल्वेची पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली. ट्राम आणि लोकल गाड्यांत तेव्हा एक सोपी पद्धत रूढ होती : मोटारीचा एक भाग थेट आसावर टेकवायचा, दुसरा सांगाड्याला अडकवायचा. स्वस्त आणि दणकट. पण मोटारीचे जवळजवळ निम्मे वजन त्यामुळे स्प्रिंगखाली येते. थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला ते चालते. पुण्यापर्यंतच्या वेगवान गाडीला ते जड जाणार होते.

(९) शिवाय वाटेत बोरघाट होता. १८६३ पासून वाफेची इंजिने तेथे ३७ फुटांमागे एक फूट अशी चढण धापा टाकत चढत. कल्याण ते पुणे विद्युतीकरण १९२९ साली पूर्ण झाले, आणि त्याच सुमारास घाटातले गाडी उलटी फिरवण्याचे स्थानकही नव्या बोगद्यांमुळे अनावश्यक ठरले. आता या मार्गाला दोन प्रकारची इंजिने हवी होती : माल ओढणारे बलदंड आणि प्रवासी नेणारे चपळ.

(१०) बलदंड इंजिन तुम्ही आजही पाहू शकता. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ते उभे आहे. रेल्वेप्रेमी त्याला लाडाने ‘क्रोकोडाइल’, म्हणजे मगर म्हणतात. २६०० अश्वशक्तीच्या या इंजिनाच्या चाकांकडे नीट पाहा : बाहेरून जाड लोखंडी दांड्यांनी ती एकमेकांना जोडलेली आहेत. मोटारी वर, सांगाड्यात. शक्ती दांड्यांमार्फत चाकांना. वजनाचा प्रश्न सुटला. परंतु हे दांडे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर गरगरतात आणि वेग वाढला की सारे इंजिन हादरवू लागतात. म्हणूनच मगरीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास थांबे. मालगाडीला तो पुरेसा होता.

(११) चपळ इंजिनाचे नाव ईए/१. पुढे त्याला डब्ल्यूसीपी-१ म्हणू लागले. मँचेस्टरची मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स आणि स्वित्झर्लंडमधील विंटरथूरचा कारखाना यांनी मिळून ते घडवले. शक्ती २१६० अश्वशक्ती, म्हणजे सेग्रेव्हच्या मोटारीच्या दुपटीहून अधिक. येथे जोडदांडे नव्हतेच. मोटारी सांगाड्यात, स्प्रिंगांच्या वर. चालक आस तीन आणि प्रत्येकाला स्वतंत्र गती. मोटारीचे मोठे दातेरी चाक आणि खालचा आस यांच्यामध्ये अशी हलती जोडणी होती, की आस वर-खाली झाला तरी शक्तीचा प्रवाह खंडित होत नसे. पुढे-मागे केवळ भार वाहणारी चाके वळणांवर वाट दाखवीत. जेनात्झीची थेट गती आणि सेग्रेव्हची वर बसवलेली शक्ती, या दोन्ही गोष्टी एकाच इंजिनात साधल्या होत्या.

(१२) इंजिन परदेशी, पण गाडी संपूर्ण परदेशी नव्हती. डेक्कन क्वीनच्या डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमधून आले. त्यांवरचे डबे मात्र दादरला खेटून असलेल्या माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात बांधले गेले. सात डब्यांच्या दोन गाड्या तयार झाल्या : एक रुपेरी, किरमिजी पट्ट्यांची, दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. डबा नीट बांधला नाही, भार एका बाजूला झुकला, तर खालच्या उत्तम स्प्रिंगाही व्यर्थ ठरतात. क्वीनच्या त्या प्रसिद्ध संथ डुलण्यात माटुंग्याच्या सुतार-लोहारांचा हात होता.

(१३) त्या हातांची गोष्ट सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. क्वीन धावण्याच्या चार महिने आधी, ४ फेब्रुवारी १९३० रोजी, याच जीआयपी रेल्वेच्या कामगारांनी वेतन आणि कामाच्या अटींसाठी मोठा संप पुकारला होता. आरंभी क्वीनमध्ये फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाला तिच्यात जागा मिळाली ती थेट १९५५ साली. म्हणजे परळ-लालबागच्या चाळीतला जो कामगार रेल्वेच्या कारखान्यात घाम गाळी, त्याच्या खिशाला परवडेल असा डबा या गाडीत पंचवीस वर्षे नव्हता. करी रोड, परळ, दादर ओलांडत ती त्याच्या घराजवळून निघून जाई.

(१४) वेगाची तुलनाही करून पाहू. सुमारे १९२ किलोमीटरचे अंतर क्वीन पावणेतीन तासांत कापी. घाटासह सरासरी ताशी ७० किलोमीटर. सेग्रेव्हच्या आकड्यापुढे ही संख्या फिकी वाटेल. परंतु ‘गोल्डन ॲरो’ आयुष्यात मोजकेच मैल धावली आणि संग्रहालयात गेली. ईए/१ इंजिने पावसात, घाटात, वर्षानुवर्षे राबली. त्यांतली शेवटची निवृत्त होईतो १९८० चे दशक उजाडले होते. विक्रमाच्या मोटारीने एक मैल निभावला की तिचे काम झाले. मुंबईच्या इंजिनाला तेच उद्या पुन्हा करायचे होते. स्प्रिंगखालचे वजन घटवण्याचे खरे मोल येथे कळते : इंजिन टिकते आणि रूळही टिकतात.

(१५) प्रश्न मात्र जुना झाला नाही. १९४७ साली ताशी ६३४ किलोमीटर गाठणाऱ्या जॉन कॉबच्या मोटारीत दोन इंजिने होती : एक पुढच्या चाकांसाठी, दुसरे मागच्या. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या ‘थ्रस्ट एसएससी’ने चाकांना शक्ती देणेच सोडून दिले, जेट इंजिनांनी तिला ढकलले. तरीही गाडीचे नाक उचलू नये आणि रुतूही नये, म्हणून तिची स्प्रिंगव्यवस्था संगणकाच्या ताब्यात द्यावी लागली. शक्ती कुठूनही येवो, जमिनीशी नाते चाकांनाच सांभाळावे लागते.

(१६) ‘सर रॉजर लम्ली’ नावाचे ईए/१ इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. दिल्ली दूर असेल, तर वरळी जवळ आहे. तेथे मगरीसमोर उभे राहाल, तेव्हा आधी तिच्या रंगाचे छायाचित्र घेऊ नका. खाली वाका, दांडे पाहा, चाकांवरचे पाटे पाहा. मग लोकलने दादरला उतरताना पायाखालचा रुळाच्या सांध्याचा ठोका ऐका. तो तुमच्यापर्यंत किती कमी पोहोचतो, याचा हिशेब कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो.