इन्सुलिन झालं, जेवण राहिलं

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयात घडू शकेल अशी ही रात्र. आजी काल्पनिक, चुका नेहमीच्या.

सायंकाळी 7.30 : साडेआठ तास बाकी
मोताळ्याकडच्या आजी, वय 68, पायाच्या जखमेसाठी दाखल. मूत्रपिंडं थकलेली, म्हणजे इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळणार. साखर 142. रोजच्याप्रमाणे 30/70 इन्सुलिनचे 16 युनिट टोचले जातात.

8.15 : पावणेआठ तास
जेवणाचं ताट येतं. "आज एकादशी हाय, उपास हाय मले." मूठभर शेंगदाणे, बिनसाखरेचा चहा. ताट तसंच परत जातं. केसपेपरवर नोंद नाही.

9.00 : सात तास
ड्यूटी बदलते. "सात नंबर, इन्सुलिन झालं." जेवल्या का, हे कोणी विचारत नाही.

12.40 : तीन तास वीस मिनिटं
आजींना दरदरून घाम, हात थरथरतात. मिश्र इन्सुलिनचा संथ भाग आता भरात आहे. सून पदराने वारा घालते. आत्ता बोटाला टोचून 70 च्या खालचा आकडा दिसला असता, तर तीन चमचे साखर विरघळवलेलं पाणी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी पुरली असती. ग्लुकोमीटर शेजारच्या वॉर्डात आहे.

2.30 : दीड तास
आजी बरळतात, सुनेला ओळखत नाहीत. "वयामुळे होतं," म्हणत पांघरूण सारखं केलं जातं.

पहाटे 4.00
झटके. सून साखरपाणी तोंडात ओतायला धावते. सिस्टर तिचा हात धरते. बेशुद्ध माणसाला पाजलेलं फुप्फुसात जातं. साखर 29. 25 टक्के डेक्स्ट्रोज कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली वरच्या मजल्यावर.

4.20
100 मिली शिरेतून जातं. साखर चढते, आजी डोळे उघडतात, पण नाव सांगता येत नाही. अंगातलं इन्सुलिन अजून संपलेलं नाही. ग्लुकोजची ड्रिप चालू ठेवून तासातासाला टोचून पाहावं लागेल.

ब्रिटनमधल्या वॉर्डांत साखर अशी घसरली की लागणारं सगळं सामान एका 'हायपो बॉक्स'मध्ये हाताशी असतं. तसा डबा इथेही एका दिवसात भरता येईल. पण आजींना त्याआधीच, सव्वाआठला, एक प्रश्न पुरला असता : जेवलात का?