थकवा, न मानवणारे अन्न आणि मुंबईतील एक जुना शोध



“डॉक्टर, अंगात ताकदच राहत नाही. पोळी बंद केली, दूध सोडले, डाळ पचत नाही म्हणून तीही बंद केली. तरी थकवा जात नाही.” ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. एखादा पदार्थ मानवत नसेल आणि त्यामुळेच थकवा येत असेल, ही शंका चुकीची नाही. पण हा संबंध नेमका कसा असतो? वैद्यकशास्त्राला हे समजले त्याचा एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत घडला आहे. तो समजून घेतला तर कोणता पदार्थ सोडायचा, याआधी काय तपासायचे हे कळते.

मुंबई, १९२८

त्या काळी मुंबईत गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचा एक गंभीर प्रकार दिसत असे. बाई पांढरी पडायची, चालताना धाप लागायची, थकवा इतका की उठवत नसे. अनेकजणी बाळंतपणात दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत.

याचा शोध घेण्यासाठी १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. आतड्यातील जंतूंमुळे हे होत असेल का, हेही त्यांनी तपासले. पण त्यातून उत्तर मिळाले नाही. मग त्या स्त्रियांच्या जेवणाकडे वळल्या. कोण काय खाते, किती खाते, याची नोंद केली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध, मांस फारच कमी होते, अशा गरीब घरांतील स्त्रियांत हा आजार जास्त आढळला.

पुढे माकडांवरील प्रयोगात मार्माइट उपयोगी पडले. मार्माइट म्हणजे यीस्टचा घट्ट अर्क. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून तो तयार होतो, आणि तो स्वस्त होता. नंतर तो या स्त्रियांना दिला, तेव्हा रक्त भरून येऊ लागले. १९३१ मध्ये विल्स यांनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील तो अज्ञात घटक काही वर्षे ‘विल्स फॅक्टर’ या नावाने ओळखला जात होता.

१९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा केला. पान म्हणजे लॅटिनमध्ये ‘फोलियम’, म्हणून नाव पडले फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून तिकडे गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज आशाताई गरोदर बाईच्या हातात लोह आणि फॉलिक ॲसिडची जी गोळी देतात, तिची एक मुळी परळपर्यंत जाते.

या स्त्रियांना कोणतेही अन्न बाधत नव्हते. त्यांच्या ताटात एक गोष्ट कमी पडत होती.

मग अन्न बाधते तेव्हा काय होते?

अन्नच आजाराचे कारण असते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे सिलिअ‍ॅक आजार. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना काही मुलांचे पोट गव्हाने बिघडते असा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेना, तेव्हा ही आजारी मुले चक्क सुधारली. पाव पुन्हा मिळू लागला आणि आजार उलटला. १९५० मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात हे मांडले. पुढे दोष गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाचा असल्याचे सिद्ध झाले.

या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे आतील अस्तर झिजते. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि नेमका तोच भाग आधी खराब होतो. खाल्लेले लोह आणि फॉलिक ॲसिड रक्तात पोहोचत नाही. रक्त कमी होते आणि माणूस थकतो. काही रुग्णांना पोटाचा त्रास जवळजवळ नसतोच, फक्त गोळ्यांनी न सुधारणारा रक्तक्षय असतो.

म्हणजे मुंबईतील त्या स्त्रियांना जे ताटातून मिळत नव्हते, ते या रुग्णांना ताटात असूनही मिळत नाही. आजार वेगळे, पण थकवा येण्याची वाट बरीचशी एकच.

दुधाचे तसे नाही. दुधातील साखर पचवणारे विकर मोठेपणी अनेकांत कमी होते, त्यामुळे गॅस, पोटदुखी, जुलाब होतात. पण आतड्याचे अस्तर त्याने झिजत नाही. अशा लोकांना दही-ताक बहुधा चालते. शाकाहारी माणसाने मात्र दूध, दही, ताक सगळेच सोडले, तर जीवनसत्त्व बी-१२ चा त्याचा मुख्य स्रोत बंद होतो आणि काही वर्षांनी त्यातूनच थकवा येऊ शकतो.

आपल्या जिल्ह्यात आधी काय पाहावे?

नंदुरबारमध्ये थकव्यामागे आणखी एक कारण लक्षात ठेवावे लागते, ते म्हणजे सिकलसेल. हा आजार आपल्या आदिवासी समाजांत आढळतो. तो आई-वडिलांकडून येतो, कोणत्याही अन्नाने होत नाही आणि पथ्याने जात नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. नव्या पेशी सतत तयार कराव्या लागतात, म्हणून त्याला फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. वाहक व्यक्तीला सहसा त्रास नसतो. तिच्या थकव्याचे कारण वेगळे शोधावे लागते.

म्हणून थकवा दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर:

• पदार्थ सोडण्याआधी हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी करा. पूर्वी झाली नसेल तर सिकलसेलचीही करून घ्या. गरजेनुसार थायरॉईड, साखर, बी-१२ पाहता येते.

• गव्हाचा संशय असेल तर सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू आधीच सोडला तर तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते.

• सिलिअ‍ॅक निघालाच, तर घाबरू नका. ज्वारी, बाजरी, मका, भगर, तांदूळ यांत ग्लुटेन नसते. आपली दादरची भाकरी निर्धास्त चालते, फक्त दळण गव्हासोबत नको. बाजारच्या हिंगातही गव्हाचे पीठ असू शकते.

• शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या ‘आयजीजी’ तपासण्यांवर पैसे घालवू नका. आपण तो पदार्थ खातो, एवढेच त्यातून कळते. तो बाधतो हे त्यावरून ठरत नाही.

• हिरव्या भाज्या आणि डाळी सोडू नका. भाजी फार वेळ उकळून पाणी फेकले की फॉलिक ॲसिड त्याबरोबर जाते.

• सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

थकलेल्या माणसाने ताटातून एकेक पदार्थ काढत जाणे धोक्याचे आहे, कारण अनेकदा त्याच्या ताटात आधीच काहीतरी कमी असते. आधी रक्त तपासा, मग पथ्य ठरवा.

(हा लेख माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)